आधी माप, मग सेटिंग

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) सेटर आहे. नवा जॉब लागला की पहिला पीस काढायचा, मायक्रोमीटर लावायचा, जिथं माप चुकलंय तिथला एकच ऑफसेट, म्हणजे हत्यार किती सरकवायचं तो आकडा, बदलायचा आणि दुसरा पीस काढायचा. दोन ऑफसेट एकदम बदलले तर माप बरोबर आलं तरी कशामुळे आलं ते कळत नाही, आणि पुढच्या शिफ्टला तोच जॉब परत बिघडतो. अनगोळला घरी माझ्याकडे जुना पीसी आहे, त्यावर रात्री मी गेम खेळतो. गेमचं ग्राफिक्स सेटिंगही मी ह्याच पद्धतीनं लावतो. नात्यातली, गल्लीतली पोरं सारखी विचारायला येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

गेल्या श्रावणात खानापूरला ताईकडे गेलो होतो. बाहेर सकाळपासून धार लागलेली, त्यामुळे भाचा घरातच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर जीटीए फाइव्ह लावून बसला होता आणि वैतागला होता.

"मामा, सगळं खाली आणून ठेवलंय, तरी गेम अडकायलाय बघ. आता लॅपटॉपच बदलायला पायजे."

खरंच, त्यानं मेनूतली एकूण एक गोष्ट सगळ्यात खालच्या पायरीवर आणली होती. सावल्या म्हणजे नुसते चौकोनी डाग, रस्त्याकडेचं गवत गायब, लांबच्या इमारती गाडी जवळ गेल्यावर उगवायच्या. एवढं सोसूनही गेम चालत नव्हता.

मी विचारलं, "अडकतोय म्हणजे कसा रे? सारखा जडच चालतोय, की बरा चालता चालता मधेच हिसका बसतोय?"

तो गप्प बसला. पण सुरुवात इथूनच करायला लागते, कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी.

गेम म्हणजे एकामागून एक काढलेली चित्रं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० म्हणजे ३३.३. आता समजा एका सेकंदात ४८ चित्रं १६.७ मिलिसेकंदांच्या हिशेबानं निघाली आणि ४९व्या चित्राला एकट्यालाच २०० मिलिसेकंद लागले. कोपऱ्यातला आकडा ४९ दाखवणार, आणि ४९ काही वाईट नाही. पण त्या २०० मिलिसेकंदांत गाडी वळणावर असेल तर ती भिंतीत जाते. लेथवर फीड, म्हणजे हत्यार पुढं सरकायची चाल, एकसारखी नसली की जॉबच्या अंगावर रेघा उठतात. व्यास मापात असला तरी असा पीस पुढं जात नाही. गेममध्येही मी सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांचा आकडा, शेवटी बघतो. आधी बघतो ते सगळ्यात खाली आकडा कुठं जातो आणि किती वेळा जातो.

त्यासाठी मोजायला साधन पाहिजे. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर, दोन्ही फुकट आहेत आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. त्यात एफपीएस, फ्रेमटाइमचा (एकेका चित्राला लागलेल्या वेळेचा) आलेख, जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) किती टक्के कामात आहे, सीपीयूचा (मुख्य प्रोसेसरचा) प्रत्येक कोर किती टक्के, व्हीरॅम (कार्डाची मेमरी) किती भरली आणि तापमान किती, एवढं स्क्रीनच्या कोपऱ्यात लावून घ्या. फ्रेमटाइमची रेघ सपाट असली की गेम डोळ्याला गुळगुळीत दिसतो. रेघेवर मधेच काटे उभे राहिले की ते तुमचे हिसके. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर विंडोज बटण धरून जी दाबा, विंडोज १० आणि ११ मध्ये छोटी पट्टी उघडते, तीही कामचलाऊ आकडे देते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सारख्या ऑनलाइन गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच एफपीएस दाखवायची सोय आहे, तिथं तीच वापरा.

मोजायची जागा मात्र ठरलेली पाहिजे. एकदा समुद्रकिनाऱ्यावर मोजलं आणि दुसऱ्यांदा भर चौकात मोजलं तर त्या दोन आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. जीटीए फाइव्हच्या स्टोरी मोडमध्ये ग्राफिक्सच्या मेनूतच बेंचमार्क, म्हणजे मोजायची तयार चाचणी, आहे. त्याच्या शेवटच्या फेरीत जेट विमान उडतं आणि मग गाडी शहरातून धावते. ती फेरी सगळ्यात कस लावणारी. ज्या गेममध्ये असा बेंचमार्क नाही तिथं एक सेव्ह पक्की करा आणि दरवेळी तिथूनच त्याच रस्त्यानं दोन मिनिटं फिरा. जागा निवडताना गर्दीची निवडा. मोकळ्या माळावर सेटिंग लावलं तर बाजारात ते उघडं पडतं. आणि गेम नुकताच टाकला असेल किंवा ड्रायव्हर बदलला असेल तर पहिली फेरी धरू नका. पुष्कळ नवे गेम पहिल्या वेळी शेडर (रंग-उजेड कसा भरायचा ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करत असतात, त्याचे हिसके दुसऱ्या फेरीत उरत नाहीत.

भाच्याच्या लॅपटॉपवर मेनू उघडायच्या आधी मी चार्जर बघितला. लाईट सकाळपासून गेलेली आणि लॅपटॉप बॅटरीवर. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरला पूर्ण वीज घेऊ देत नाहीत, म्हणजे आदल्या रात्री जो गेम चालत होता तोच सकाळी रांगतो. पोरं नेमकी अशा वेळी सेटिंगमध्ये हात घालतात, आणि लाईट आल्यावर ती खाली आणलेली सेटिंग तशीच राहते. खानापूर, चंदगडकडं पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून हे आवर्जून सांगतोय: चार्जर लावलेला नसताना मोजलेला आकडा वहीत लिहूच नका.

दुपारी लाईट आली. पॉवर मोड वर केला, मागं उघडे असलेले ब्राउझरचे वीस टॅब बंद केले, तेवढ्यातच गेम थोडा सुटला. मग खरं काम सुरू झालं.

पहिलं काम म्हणजे दमतंय कोण ते शोधायचं. चित्र काढायला दोघं राबतात. कुठली गाडी कुठं आहे, माणसं कुठं चालली आहेत, कुठल्या वस्तू काढायच्या आहेत हे सीपीयू ठरवतो. प्रत्यक्ष रंग भरतो तो जीपीयू. ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्यासाठी दुसरा थांबून राहतो. चाचणी सोपी आहे. बाकी काही न बदलता रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. पहिल्यात २०,७३,६०० ठिपके रंगवायचे असतात, दुसऱ्यात ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहून कमी. एफपीएस चांगला वाढला तर दमत होता तो जीपीयू. जागचा हलला नाही तर सीपीयू, आणि मग सावल्या, प्रतिबिंबं किती जरी कमी केली तरी फारसं काही हाती लागणार नाही.

भाच्याच्या लॅपटॉपवर एफपीएस २९ वरून ४४ झाला. त्यात रायझन ५ ३५००यू प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या आतलंच वेगा ८ ग्राफिक्स. म्हणजे जीपीयूवर भार.

माझ्या घरचा पीसी नेमका उलट. एका ऑफिसातून निघालेला जुना डबा, त्यात इंटेल कोअर आय५-३४७०. चार कोर, चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. २०१५ साली जीटीए फाइव्ह पीसीवर आला तेव्हा कंपनीनं शिफारस केलेला इंटेलचा प्रोसेसर हाच होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायर नव्हती, म्हणून ७५ वॉटमध्ये भागणारं, स्लॉटमधूनच वीज घेणारं जीटीएक्स १६५० बघून घेतलं. तरी शहरात गाडी जोरात नेली की गेम गचके खायचा. मी महिनाभर सावल्या कमी करत बसलो. मग एका रात्री आकडे लावून बघितलं तर चारही कोर शंभर टक्क्यांना टेकलेले आणि कार्ड पासष्ट-सत्तर टक्क्यांवर निवांत. सावल्यांचा तिथं दोषच नव्हता.

मी पॉप्युलेशन डेन्सिटी निम्म्यावर आणली, म्हणजे रस्त्यावरची माणसं आणि गाड्या कमी. डिस्टन्स स्केलिंग कमी केलं, म्हणजे लांबच्या वस्तू कमी तपशिलात काढल्या जातात. अॅडव्हान्स्ड ग्राफिक्समधलं एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग पूर्ण शून्यावर नेलं. ह्या तिन्ही गोष्टी सीपीयूच्या अंगावर पडतात. एकेक करून बदलल्या, प्रत्येक वेळी बेंचमार्क चालवला. शहरात एफपीएस ३८ पर्यंत घसरत होता, तो ५० च्या खाली जायचा थांबला.

त्यानंतर जे केलं ते पोरांना पटत नाही. मी काही गोष्टी वर नेल्या. कार्ड मोकळं होतं, तर त्याच्याकडून काम का घेऊ नये? अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६एक्स केलं, त्यानं रस्त्यावरचे पट्टे लांबपर्यंत स्पष्ट दिसायला लागले. शेडर वर नेले. एफपीएस अजिबात उतरला नाही. सगळं लो केलं की गेम पळतो हा समज सोडून द्या. जो दमलाय त्याचंच ओझं उतरवा.

आता जीपीयू दमत असेल तर काय काय कमी करायचं. मी ज्या क्रमानं हात घालतो त्याच क्रमानं सांगतो.

सावल्या आधी. सावली काढायची तर गेमला तोच देखावा उजेडाच्या जागेवरून परत एकदा मोजावा लागतो, म्हणून ती महाग. थोडा भार सीपीयूवरही जातो. सगळ्यात वरच्या पायरीवरून मधल्या पायरीवर आणली की बरंच मिळतं, आणि खेळताना फरक जाणवत नाही. एकदम तळाला मात्र नेऊ नका, भाच्यासारखे चौकोनी डाग होतात आणि नजर सारखी तिथंच जाते.

गवत. ज्या गेममध्ये मोकळं रान आहे तिथं हे फार खातं. जीटीए फाइव्हमध्ये ग्रास क्वालिटी वर ठेवून शहरात बेंचमार्क केला तर सगळं छान दिसेल, आणि डोंगराकडं गाडी नेली की एफपीएस कोसळेल. मी ते नॉर्मलवरच ठेवतो. आमच्या इथं पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्याला बघायला खरं गवत भरपूर आहे.

एमएसएए बंद. कडांचे दाते घालवायला ती पद्धत चांगली आहे, पण फार जड, आणि रिफ्लेक्शन एमएसएए म्हणून वेगळी ओळ असेल तर तीही बंद. त्याऐवजी एफएक्सएए लावा. चित्र किंचित मऊ होतं, भार जवळजवळ नसतो. नव्या गेममध्ये तेच काम करणारं टीएए असतं, ते तसंच राहू द्या.

प्रतिबिंबं, व्हॉल्युमेट्रिक धुकं (उजेड पकडणारं दाट धुकं) आणि अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतला अंधार) एकेक पायरी खाली आणून बघा. मोशन ब्लर (हलताना येणारा पुसटपणा) आणि डेप्थ ऑफ फील्ड (लांबचं मुद्दाम पुसट करणं) मी बंदच करतो. त्यानं एफपीएस थोडाच मिळतो, पण वळताना रस्ता स्वच्छ दिसतो.

टेक्स्चरचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यातच जास्त लोक फसतात. टेक्स्चर म्हणजे भिंतीवरचा, कपड्यावरचा, डांबरावरचा तपशील. तो कार्डाच्या मेमरीत जाऊन बसतो. मेमरीत मावत असेल तर टेक्स्चर हाय ठेवलं काय आणि नॉर्मल ठेवलं काय, एफपीएस जवळपास तेवढाच. पण एकदा का मेमरी भरली की कार्डाला साध्या रॅममधून माल आणायला लागतो, आणि तेव्हाच मान वळवली की हिसका बसतो. हे दुसऱ्या प्रकारचं दुखणं, सावल्या कमी करून ते जात नाही. जीटीए फाइव्हच्या मेनूत व्हिडिओ मेमरीची पट्टी दिसते, ती थोडी रिकामी राहील असं बघा. माझ्याकडे ४ जीबी आहे. जीटीएला ती पुरते, नव्या गेमला पुष्कळदा पुरत नाही. तिथं मी टेक्स्चर एक पायरी खाली घेतो आणि बाकीचं तसंच ठेवतो. रॅम कमी असली किंवा गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असला तरी असेच हिसके बसतात. एसएसडी टाकल्यानं एफपीएस वाढत नाही, पण नव्या भागात शिरताना गेम थबकायचा कमी होतो.

एवढं करूनही पुरेना तर रिझोल्यूशन. मधली पायरी १६०० बाय ९०० ची, १४,४०,००० ठिपक्यांची. पण गेममध्ये रेंडर स्केल किंवा एफएसआर असेल तर स्क्रीनचं रिझोल्यूशन न हलवता ते वापरा. त्यात आतला देखावा कमी ठिपक्यांत काढून मोठा केला जातो आणि अक्षरं, नकाशा मात्र स्वच्छ राहतात. एएमडीनं एफएसआर २०२१ मध्ये आणलं आणि ते माझ्या जीटीएक्स कार्डावरही चालतं. तसंच काम करणाऱ्या डीएलएसएसला मात्र एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्डच लागतं. १०८० च्या स्क्रीनवर एफएसआर क्वालिटीवर ठेवा. परफॉर्मन्सवर नेलं तर लांबची माणसं पुसट होतात.

भाच्याच्या लॅपटॉपवर मेनूतनं जे मिळायचं ते मिळालं, तरी वेगा ८ च्या मानानं आकडा कमी वाटत होता. मागचं झाकण उघडून बघितलं तर ८ जीबी रॅमची एकच पट्टी, आणि शेजारचा स्लॉट रिकामा. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते प्रोसेसरच्या रॅमवरच जगतं. त्यातल्या डीडीआर४-२४०० जातीच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माल पुरवते, दोन पट्ट्या जोडीनं ३८.४. माझ्या १६५० कार्डाची मेमरी एकटी १२८ पुरवते, त्यावरून वेगाची किती उपासमार होते ते लक्षात येईल. पुढच्या रविवारी बेळगावातनं त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी नेली आणि बसवली. सगळं तेच ठेवून ७२० वर मोजलं: ४४ चा ५७ झाला. लॅपटॉप बदलायच्या पैशात अशा कितीतरी पट्ट्या आल्या असत्या. आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्या प्रत्येकानं टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते आधी बघावं.

झाकण उघडलंच होतं म्हणून पंखाही साफ केला. पंख्याच्या जाळीत बुरशी धरलेल्या धुळीचा थर होता. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं गेम बरा आणि मग मंद, असं होत असेल तर सेटिंगला हात न लावता तापमान बघा. गादीवर ठेवून तर खेळूच नका. उद्यमबागेच्या आसपास राहणाऱ्यांच्या पीसीत फाउंड्रीची काळी धूळ बसते. मी दर तीन महिन्यांनी डबा उघडून ब्रशनं झाडतो.

राहिलं ते एफपीएसला टोपी घालायचं, म्हणजे वरची मर्यादा लावायचं काम. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते. तुमचा गेम ४० चित्रं देत असेल तर एक चित्र स्क्रीनवर दोन वेळा राहतं, पुढचं एकदा, परत दोनदा. आकडा ४० वर ठाम असला तरी डोळ्याला ते अडखळल्यासारखं वाटतं. ३० ला मात्र प्रत्येक चित्र बरोबर दोन वेळा. म्हणून साध्या स्क्रीनवर ६० धरून ठेवता येत नसेल तर ३० ची टोपी लावा, रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमरेट लिमिट म्हणून जागा आहे. ३८ ते ५५ मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा ३० वर शांत चालणारा गेम गोष्ट असलेल्या खेळाला मला कधीही चालतो. शिवाय मशीन कमी तापतं. ज्यांची स्क्रीन १४४ हर्ट्झची आहे आणि फ्रीसिंक किंवा जी-सिंक चालू आहे, त्यांना हा हिशेब लागू नाही. तिथं स्क्रीन स्वतःच गेमच्या चालीनं चालते. नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्येही ३० ची टोपी नको. तिथं चित्र साधं ठेवा आणि आकडा जितका वर जाईल तितका जाऊ द्या.

इथं माझं आणि भाच्याचं जमलं नाही. मी १६०० बाय ९०० ठेवून ३० ची टोपी लावून दिली, सावल्या आणि टेक्स्चर मधल्या पायरीवर. फ्रेमटाइमची रेघ अगदी सपाट. त्यानं दहा मिनिटं खेळून बघितलं आणि म्हणाला, "दिसायला मस्त दिसायलंय मामा, पण गाडी हातात येईना." त्याला शर्यती खेळायच्या असतात, गाडीनं स्टेअरिंगचं लगेच ऐकायला पाहिजे. मग ७२० वर आणलं, टोपी ६० ची केली, गवत आणि प्रतिबिंबं तळाला. मधेमधे आकडा ५२ पर्यंत उतरतो, पण त्याला ते चालतं. दोन्ही सेटिंगचे आकडे त्याच्याच हातानं वहीत लिहून घेतले: तारीख, ड्रायव्हर कुठला, रिझोल्यूशन, सगळ्यात खालचा एफपीएस, तापमान. ड्रायव्हर बदलला की तीच फेरी परत मारायची आणि त्याच ओळीखाली नवा आकडा लिहायचा.

दिवाळीला तो अनगोळला आला तेव्हा वही बरोबर होती. त्यात त्याच्या दोन मित्रांच्या मशीनची पानं वाढली होती, एकाच्या पानावर लाल पेनानं लिहिलं होतं: "रॅमचा एक स्लॉट रिकामा."